जनुकांची गुणपत्रिका आणि पुण्यातलं संशोधन

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? पोट सुटलेले, पन्नाशीचे काका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे चित्र मोडलं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपण सडपातळ दिसतो, पण आतली गोष्ट वेगळी असते.

हा फरक जनुकांतही दिसतो का? माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं असतात, आणि माणसागणिक काही जागी एखादं अक्षर बदलतं. आजाराशी जोडलेले असे बदल शोधायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि संगणकावर बेरीज करायची. आपण निकालपत्रक करतो ना, तसंच. फक्त इथे जास्त गुण मिळाले तर पेढे वाटायचे नाहीत.

अडचण अशी की हे गुण बहुतेक युरोपातल्या लोकांवरून ठरलेले. आपल्याकडे ते चालतात का, हे आपल्याच माणसांवर तपासावं लागतं. उदाहरणार्थ, एफटीओ नावाचं जनुक. युरोपात ते आधी वजन वाढवतं आणि त्यातून मधुमेह येतो. पुण्याच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं की आपल्याकडे वजनाचा हिशोब बाजूला काढला तरी त्याचा मधुमेहाशी संबंध उरतोच.

आता तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? सांगते. आमच्या पेठेत एका आईने मला विचारलं होतं, “बाई, एवढ्याशा पोरीला साखर कशी? आमच्यात तर कुणालाच नाही.” त्या पोरीला टाइप 1 होता. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, त्यामुळे इन्शुलिन टोचून घ्यावंच लागतं. टाइप 2 मध्ये बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. लहान मुलात ओळखणं त्या मानाने सोपं. पण पंचविशी-तिशीतला काटकुळा माणूस आला तर? युरोपात टाइप 1 चा संशय आधी येईल. आपल्याकडे टाइप 2 सुद्धा कमी वयात, कमी वजनात होतो, म्हणून डॉक्टरही कोड्यात पडतात. आणि ज्याला इन्शुलिन हवं त्याला नुसत्या गोळ्या दिल्या तर जिवावर बेतू शकतं.

इथेच गुणपत्रिका कामाला येते. केईएम, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी पुण्यातल्या रुग्णांवर ती लावून पाहिली. 2020 मध्ये निष्कर्ष आला: युरोपातली बेरीज आपल्याकडेही दोन प्रकार बऱ्यापैकी वेगळे करते, किंचित कमी अचूकपणे. मात्र उत्तीर्णतेची रेघ, म्हणजे किती गुणांच्या पुढे टाइप 1 धरायचा, ती आपल्यासाठी वेगळी आखावी लागते. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ही तपासणी काही गावच्या लॅबमध्ये होत नाही. साध्या साखरेची मात्र कुठेही होते. वर्गातलं एखादं मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, खाऊनही वाळत चाललंय असं दिसलं, तर पालकांना त्याच दिवशी सांगा.