पाणी मालकाचे

डोंबिवलीतील एका कापडपेढीवर ताग्यात पाऊण मीटर कापड कमी भरले, तरी त्याची नोंद होते. पन्हा मोजला जातो, डाग निघालेला भाग बाजूला ठेवून गिरणीच्या माणसाला दाखवला जातो, आणि किती सूट मिळाली हे वहीत उतरल्याखेरीज संध्याकाळी पेढी बंद होत नाही. त्या गादीवर तीस वर्षे बसलेल्या गृहस्थांनी टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला, आपल्या लहानशा बंगल्यासमोर पोहण्याचा तलाव बांधायला दिला, तेव्हा मात्र नऊ लाखांचा व्यवहार दोन वाक्यांवर ठरला. एक वाक्य ठेकेदाराच्या कागदावर होते : आरसीसी तलाव, २४ बाय १२, खोली साडेचार फूट. दुसरे तोंडी होते : पाणी आणि लाइट मालकाकडून.

व्यापारी घरांत हे सर्रास दिसते. आपल्या मालाचे माप रक्तात भिनलेले असते. दुसऱ्याच्या कामाचे माप मात्र माणसाच्या चेहऱ्यावरून घेतले जाते. ठेकेदार सालस होता, शेजारच्या प्लॉटचे कुंपण त्याने नीट बांधले होते, आणि त्याचे वडीलही त्याच भागातले जुने गवंडी. एवढे पुरेसे वाटले.

तलाव हवाच कशाला, हा वाद घरात आधी होऊन गेला होता. बांनी स्पष्ट सांगितले होते की इतके पाणी नुसते खेळायला साठवणे त्यांच्या मनाला पटत नाही. नातवंडांच्या हट्टापुढे त्या गप्प बसल्या, पण त्यांचे मत काही बदलले नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस भिंती ओतल्या गेल्या. फरशा बसवण्यापूर्वी तलाव भरून पाहायचा, एवढे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात टँकर मागवून तलाव भरला आणि दुसऱ्याच दिवशी पाणी दीड इंच उतरलेले दिसले. ठेकेदार हसून म्हणाला, "शेठ, नवं काँक्रीट सुरुवातीला पाणी पितंच. त्यात ऊन केवढं आहे!"

उन्हाचा भाग किती, हे शोधण्याची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतील आणि तलावातील पातळीवर खूण करायची, आणि चोवीस तासांनी दोन्ही मोजायच्या. ऊन दोघांना सारखेच लागते. बादली पाव इंच उतरली, तलाव दीड इंच. म्हणजे सव्वा इंच पाणी जमिनीत जात होते. २८८ चौरस फुटांच्या पृष्ठावर ते दिवसाला सुमारे साडेआठशे लिटर होते. बारा दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर मातीत. ज्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात, तिथून फार दूर नसलेल्या ठिकाणी हे घडत होते. हिशेब कळल्यावर बा काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे घरात सर्वांना जड गेले.

मग नेहमीचा क्रम सुरू झाला. शेठजींनी उरलेले दीड लाख थांबवले. ठेकेदाराने आधी फोन उचलणे कमी केले, नंतर भिंतीला वरून केमिकल लावून देतो म्हणाला, आणि शेवटी चिडून म्हणाला, "इकडं सगळे असंच करतात, शेठ. तुमच्याकडंच काय वेगळं केलं?" हे वाक्य तो सहज बोलून गेला असेल. पण याच जिल्ह्यात, शिळफाट्याला, ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. गळका तलाव आणि कोसळलेली इमारत यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही ‘सगळे असंच करतात’ या समजुतीचा पाया दोन्हींकडे एकच असतो.

थोरल्या मुलाने कल्याणच्या एका वकिलांचा सल्ला घेतला. त्याला वाटत होते की ‘महारेरा’कडे गेले की काम होईल. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा अशी तरतूद आहे खरी. पण ती विकासकाकडून घेतलेल्या सदनिकेला किंवा इमारतीला लागू होते. स्वतःच्या जमिनीवर स्वतः नेमलेल्या ठेकेदाराला ती लागू नाही. त्यासाठी वाट ग्राहक आयोगाची. घरबांधणी ही सेवाच आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहक दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. साडेसात लाख दिले होते, तेव्हा शुल्क फक्त २०० रुपये. माल तपासावा लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागेल याची खात्री वकिलांनी दिली नाही. आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो, हेही त्यांनी सांगितले. नोटीस गेली. तिचे उत्तर आले नाही.

पावसाळा तसाच गेला. मधल्या काळात ठेकेदाराने तलाव उपसून आतून लेप देण्याचा प्रस्ताव मांडला होता. रागापोटी तो नाकारला गेला, हे नशीबच. पावसात जमीन पाण्याने भरलेली असताना तलाव रिकामा केला, तर खालचे पाणी तळ वर उचलते आणि अख्खी टाकी तडकू शकते.

कोंडी फुटली ती संवत्सरीच्या दिवशी, आणि तीही काहीशी विनोदी रीतीने. प्रतिक्रमणाहून परतल्यावर शेठजींच्या मोबाइलवरून मिच्छामि दुक्कडम्‌चा संदेश नेहमीप्रमाणे यादीतील सर्वांना गेला. यादीत ठेकेदारही होता. त्याचे उत्तर आले : "शेठ, माफी तुम्ही कशाला मागता. सेंट्रिंगवाल्यांचे आणि बिगाऱ्यांचे साठ हजार मीच देणं लागतो. तेवढं तरी सोडा."

त्या रात्री शेठजींनी पहिल्यांदा त्या दीड लाखांची फोड केली. त्यातले साठ हजार ठेकेदाराचे नव्हतेच; ते अशा माणसांचे होते की ज्यांनी काँक्रीटचे प्रमाण ठरवले नव्हते आणि ज्यांना तलावात कधी उतरायचेही नव्हते. पैसा अडवला होता एकाचा आणि उपाशी राहत होते दुसरेच. सकाळी त्यांनी ठेकेदाराला पेढीवर बोलावले, साठ हजारांचा धनादेश दिला आणि म्हणाले, "भाऊ, हे मजुरांचे. आपला तंटा वेगळा. तो कोणी मोजायचा ते तुम्ही आणि मी मिळून ठरवू."

मोजणारा निकालाआधी ठरवणे, ही या हकिकतीतील खरी शहाणपणाची पायरी. दोघांनी मिळून ठाण्यातील एक निवृत्त बांधकाम अभियंता निवडला. त्याचे शुल्क निम्मे निम्मे, तेही आगाऊ. एका पानाच्या कागदावर सही झाली की तो काढील तो निष्कर्ष दोघांना बांधील.

अभियंत्याचा पहिला प्रश्न होता, काँक्रीट कोणत्या ग्रेडचे ठरले होते? कोणत्याच नाही. ठेकेदाराने आपल्या सवयीचे एक-दीड-तीन माप वापरले होते : एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. घरगुती कामात ते एम-२० धरले जाते. पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीचे भारतीय मानक, आयएस ३३७०, लोखंडी सळयांच्या काँक्रीटला किमान एम-३० मागते. म्हणजे २८ दिवसांच्या ठोकळ्याने प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसावा. मालकाने ते मागितले नव्हते आणि ठेकेदाराला ते ठाऊक नव्हते. म्हणून अभियंत्याने ठरवले की ठेकेदाराला त्याच्याच मापाने, एम-२० ने, मोजायचे. त्यापलीकडची उणीव मालकाच्या बाजूला.

तळातून तीन आणि भिंतीतून तीन कोअर काढले गेले. यंत्राने कापलेले ते दंडगोल टेबलावर ठेवले, तेव्हा प्रयोगशाळेच्या आकड्यांची वाट पाहण्याआधीच पुष्कळ कळले. तळाचे घट्ट होते. भिंतीच्या एका तुकड्यात खडी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसत होत्या. नियम असा आहे की कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. एम-२० साठी १७ आणि १५. तळ तिन्ही ठिकाणी २० च्या वर निघाला. भिंत निघाली साडेसतरा, साडेसोळा आणि चौदा, सरासरी सोळा.

ठेकेदार बराच वेळ कागद पाहत राहिला. मग त्याने स्वतःहून सांगितले की दुसऱ्या दिवशी व्हायब्रेटर बंद पडला होता, भिंत सळईने कोचून भरली. माल लवकर सरकावा म्हणून मिक्सरमध्ये पाणी जास्त घातले गेले. आणि आदल्या थरावर टाचे न मारता नवा थर ओतला. पन्नास किलोच्या गोणीला साडेबावीस लिटरच्या वर पाणी जाऊ नये, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी नीट समजावले. जादा पाणी उडून जाते आणि जाताना बारीक वाटा सोडून जाते. त्याच वाटांनी पुढे तलाव गळतो.

"आणि क्युरिंग किती दिवस झाले?" अभियंत्याने विचारले. मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी.

ठेकेदार म्हणाला, "पाणी मालकाचं होतं."

मुलाने वडिलांकडे पाहिले. टँकरच्या नोंदी पेढीच्याच वहीत होत्या, आणि त्या कोणी मागितलेल्या नव्हत्या. शेठजी उठले, वही आणली आणि स्वतः वाचून दाखवली. टँकर २२ एप्रिलला आला होता, २४ ला आला होता, आणि त्यानंतरचा थेट १ मे रोजी. मधला आठवडा लगीनसराईचा. पेढीवर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ठेकेदाराचे दोन फोन त्या काळात येऊन गेले होते, हेही त्यांना आठवले आणि त्यांनी तेही सांगितले. ज्या दिवसांत भिंतीला सर्वांत जास्त पाणी हवे होते, ते दिवस ती एप्रिलच्या उन्हात कोरडी उभी होती.

तडजोड त्यानंतर फार वेळ लागली नाही. जुन्या भिंतीच्या आत सहा इंचांची नवी आरसीसी भिंत, रेडीमिक्सच्या एम-३० काँक्रीटची. तळाशी जोडावर पाणी लागताच फुगणारी पट्टी. तळावर जलरोधक लेप. मजुरी, सळई आणि सेंट्रिंग ठेकेदाराचे. काँक्रीट, लेप आणि टँकर मालकाचे. उरलेले नव्वद हजार पाणी-चाचणी झाल्यावर. तलाव दोन्ही बाजूंनी एकेक फूट आक्रसून २३ बाय ११ झाला. या वेळी कागदावर ग्रेड लिहिली गेली, पाण्याचे दिवस लिहिले गेले, आणि टँकर कोणत्या तारखेला कोण मागवणार हेही.

डिसेंबरात तलाव भरून सात दिवस मुरू दिला आणि पुढचे सात दिवस बादलीशी ताडून पाहिला. दोन्ही खुणा बरोबरीने उतरल्या. नव्वद हजार त्याच संध्याकाळी दिले गेले.

थोरल्या मुलाचे समाधान झालेले नाही. वही दाखवली नसती तर नव्या भिंतीचे काँक्रीटही ठेकेदाराकडून निघाले असते, असे तो अजूनही म्हणतो, आणि हिशेबाने त्याचे चूक नाही. शेठजी त्यावर वाद घालत नाहीत. बा सकाळी फिरायला निघाल्या की तलावाच्या कडेने जातात, पायरीवरच्या बादलीतील खूण पाहतात आणि पुढे जातात. चाचणी संपून महिने झाले. ती बादली तिथून हलवायला त्यांनी कोणाला परवानगी दिलेली नाही.