भट्टीची तुटलेली कॉइल

बार्शीटाकळीत भट्टी म्हटलं की लोकांना विटांची भट्टी आठवते. माझ्या पुतणीची भट्टी मात्र विजेवर चालते. आत अग्निरोधक विटा, विटांना खाचा आणि त्या खाचांत बसवलेली तारेची कॉइल. मातीकाम शिकून आल्यावर तिनं ही भट्टी जुनी विकत घेतली आणि परसातल्या टिनाच्या खोलीत ठेवली. भाईजानना हे पटलं नव्हतं. ‘या ऑर्डरीत पैसे सुटले नाहीत तर भट्टी विकायची,’ असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ऑर्डर होती अकोल्याच्या एका लग्नघरची. चाळीस वाट्या रविवारी संध्याकाळी द्यायच्या होत्या.

शुक्रवारी मगरिबनंतर तिचा फोन आला. ‘‘चाचा, भट्टी सहाशेवर अडकली. कॉइल गेली वाटतं.’’

नवी कॉइल मागवली तर यायला चार दिवस लागणार होते. रात्री तिनं भट्टीचं दार कुणाला उघडू दिलं नाही, कारण भांडी एकदम थंड झाली की तडकतात. एक गोष्ट बरी होती. सहाशे अंशांना ग्लेझ वितळलेलं नसतं, त्यामुळे त्याच वाट्या पुन्हा पहिल्यापासून भाजता येणार होत्या.

शनिवारी फजरनंतर मी मिस्त्रीमामूंना घेऊन गेलो. मोटारपंपाची वाइंडिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी प्लग काढला आणि वाट्या बाहेर काढून कॉइल बघितली. तिसऱ्या खाचेत तार तुटून दोन काळी टोकं उरली होती.

‘‘तांब्याची तार गुंडाळतो, दहा मिनिटांचं काम.’’

‘‘मामू, तांबं १०८५ अंशांना वितळतं,’’ पुतणी म्हणाली. ‘‘आपल्याला जवळपास तिथपर्यंतच जायचंय.’’

मग मामूंनी पकडीनं टोक ओढलं. कट्! बोटभर तुकडा हातात आला. कुणी काही बोललं नाही. दारात भाईजान उभे होते.

‘‘ही तार थंड असताना वाकत नाही,’’ पुतणी हळूच म्हणाली. ‘‘लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची आहे. एकदा तापली की वरून ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा थर येतो, तो तिला जळू देत नाही. पण आतून ती ठिसूळ होते. लाल करून वाकवावी लागेल.’’

तिला कांथल म्हणतात. १९३१ मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या कंपनीचं हे नाव आता अशा तारेचंच नाव झालंय.

मामूंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडणार. ते म्हणाले, ‘‘मग तू सांग, मी करतो.’’

त्यांनी गॅसचा टॉर्च पेटवला. टोक लाल झालं की ती ‘आता’ म्हणायची आणि मामू नोज प्लायरनं आकडा करायचे. दोन्ही आकडे एकमेकांत अडकवून, पुन्हा लाल करून घट्ट दाबले. जोड सैल राहिला तर तिथंच जास्त तापून तार जळते. तुटलेल्या तुकड्याएवढी कसर भरायला शेजारचे वेढे गरम करून थोडे ताणले. मीटरवर अठरा ओहम आले. आमच्या तीन किलोवॉटच्या भट्टीला तेवढेच लागतात.

पुतणी प्लग लावायला निघाली तेव्हा मामूंनी तिला अडवलं. त्यांनी बोर्ड उघडला. अर्थिंगची तार सुटलेली होती. कॉइल पत्र्याला टेकली असती तर अख्ख्या भट्टीत करंट उतरला असता. हे तिला कुठल्या वर्गात दिसलं नव्हतं. तार जोडून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘आता लाव.’’

नऊला भट्टी सुरू झाली. दिवसभर लाइट गेली नाही, अल्लाहचे आभार. रविवारी दुपारी दार उघडलं. अडतीस वाट्या चांगल्या निघाल्या. दोघींचं ग्लेझ ओघळलं होतं. तिनं आधीच चार जास्त केल्या होत्या, त्यामुळे चाळीस भरल्या.

‘‘हा जोड एकदोन भाजण्यांपुरताच आहे,’’ ती म्हणाली.

भाईजाननी विचारलं, ‘‘नवी कॉइल केवढ्याला येते?’’ भट्टी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मामूंनी मजुरी घेतली, वर ओघळलेली एक वाटी मागून नेली. परवा त्यांच्या दुकानात गेलो. भिंतीवर फोन नंबरांच्या खाली खडूनं लिहिलंय: ‘भट्टीची तार. लाल झाल्यावर वाकवणे.’