कुत्र्यांच्या शाळेतली मधली सुट्टी

झुरिकमध्ये कुत्रं पाळायचं तर आधी माणसाला शाळेत जावं लागतं. १ जून २०२५ पासून इथल्या कँटनने, म्हणजे आपल्या हिशेबाने राज्याने, हा नियम सरसकट केला. त्याआधी सक्ती फक्त मोठ्या कुत्र्यांच्या मालकांना होती. आता पर्समध्ये मावणाऱ्या चिवावाची मालकीणही सुटत नाही. पहिल्यांदाच कुत्रं घेणाऱ्याने २ तास नुसतं बसून ऐकायचं, आणि मग सगळ्यांनीच कुत्र्यासकट मैदानावर ६ धडे गिरवायचे. शिवाय कातडीखाली चिप, 'अमिकस' या देशव्यापी नोंदणीत नाव, दरवर्षीचा कर, आणि ट्रामने न्यायचं तर खांद्यापर्यंतची उंची ३० सेंटिमीटरच्या वर गेली की अर्धं तिकीट. आमच्या बंड्याची फाइल जाडीला माझ्या परमिटच्या फायलीपेक्षा कमी नाही.

हे नुसतं नियमांचं वेड म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये झुरिकजवळच्या ओबरग्लाट गावात बालवाडीला निघालेल्या ६ वर्षांच्या मुलाचा तीन पिटबुल कुत्र्यांनी जीव घेतला. देश हादरला. २००८ मध्ये झुरिकच्या मतदारांनी अशा जातींवर बंदी घालायच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी सगळ्या स्वित्झर्लंडमध्ये मालकांना वर्ग सक्तीचे झाले. देशभरातली सक्ती २०१६ च्या अखेरीस उठली. पाचांतला एक मालक वर्गाकडे फिरकलाच नव्हता, आणि जे गेले त्यांच्या कुत्र्यांतही ठळक फरक दिसला नाही. झुरिकने मात्र आपला हट्ट सोडला नाही. २०१९ मध्ये इथली सक्ती रद्द करायचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा जवळजवळ ७० टक्के लोकांनी तो फेटाळला.

एवढ्या सव्यापसव्यातून पदरात पडतात ते ६ धडे. त्यांतला वेळ कशावर खर्चायचा, यावरून मैदानाच्या कुंपणाशी दर शनिवारी महाभारत रंगतं. एका बाजूला 'सोडा की हो त्यांना, खेळू द्या' म्हणणारे. यांचं कुत्रं दिवसभर तिसऱ्या मजल्यावर एकटं असतं आणि वर्गाची फी त्यांच्या मते सवंगड्यांसाठीच भरलेली असते. दुसऱ्या बाजूला जुन्या श्वानमंडळांत मुरलेली मंडळी. इथली राष्ट्रीय श्वानसंघटना १८८३ ची, तेव्हा शिस्तीची परंपराही तितकीच जुनी. त्यांच्या मते वर्ग म्हणजे वर्ग. तिथे कुत्र्याने मालकाकडे बघायचं, शेजारच्याकडे नाही.

खेळवाल्यांच्या हातात कायदा आहे. स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण अध्यादेशात स्वच्छ लिहिलंय की कुत्र्याला रोज माणसांचा पुरेसा सहवास मिळाला पाहिजे आणि शक्य तेवढा इतर कुत्र्यांचाही. (याच अध्यादेशानुसार गिनीपिग एकटा पाळणं हा गुन्हा आहे. ज्या गावात शेजारी वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत, तिथे गिनीपिगच्या एकटेपणाची सरकारला एवढी काळजी, याचं मला अजून नवल वाटतं.) शास्त्रही त्यांच्या बाजूचं आहे. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हे पक्कं झालंय की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारं सताड उघडी असतात. त्या काळात जे भेटतं ते आपलं वाटतं. जे भेटत नाही त्याची पुढे भीती बसू शकते. म्हणूनच अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये सांगितलं की लशी पुऱ्या व्हायची वाट बघत पिल्लाला कोंडून ठेवू नका, पहिली लस देऊन आठवडा झाला की वर्गात आणा.

शिस्तवाल्यांचं म्हणणं मला आधी कोरडं वाटायचं. त्यातलं तथ्य ट्रामच्या थांब्यावर कळतं. जे कुत्रं वर्गात पाऊल टाकताच मोकळं सोडलं जातं, त्याच्या डोक्यात एकच समीकरण बसतं: दुसरं कुत्रं दिसलं की मजा. मग रस्त्याच्या पलीकडे एक पूडल दिसला तरी ते दोरीला हिसके देतं, मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकतं. बघणाऱ्याला वाटतं चवताळलंय. ते बिचारं मजा हुकली म्हणून रडत असतं. अशा वेळी समोरून हसतमुख बाई विचारतात, 'त्याने ग्रुएत्सी म्हटलं तर चालेल ना?' ग्रुएत्सी म्हणजे इथला रामराम. आणि पाठोपाठ ते अजरामर वाक्य: 'डे माख्त न्यूत', तो काही करत नाही हो. पुण्याच्या सोसायट्यांतही हे वाक्य याच सुरात ऐकू येतं, आणि तिथेही ते त्याच मिनिटाला खोटं ठरतं. मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात तेव्हा कमानीसारखा वळसा घालून, बाजूने, हुंगत भेटतात. दोरी त्यांना नाकासमोर आणून उभं करते, पळायची वाट बंद करते, आणि मग जे होतं त्याचं खापर कुत्र्यावर फुटतं. दोरीवर भेटीगाठी नाहीत, हा आमच्या वर्गातला पहिला नियम आहे आणि त्यावर माझी काडीचीही तक्रार नाही.

तर मग खेळ बंद? तसंही नाही. शाळेत मधली सुट्टी असते म्हणून काही शाळेचं मैदान होत नाही. पण ती घंटा केव्हा वाजवायची हे शाळा ठरवते, पोरं नाही. इयन डनबार या पशुवैद्याने १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात पिल्लांचे मोकळे वर्ग सुरू केले, त्यातली मेख हीच होती. खेळ ऐन रंगात असताना पिल्लाला बोलवायचं, बसवायचं, आणि बसलं की 'जा, खेळ' म्हणून परत सोडायचं. हाक आली म्हणजे मजा संपली, असं पिल्लाला वाटतच नाही. खाऊपेक्षा मोठं बक्षीस समोरच हुंदडत असतं, ते वापरायचं. आमच्याकडेही क्रम असाच आहे. आधी दहा-दहा पावलांच्या अंतरावर सतरंज्या टाकून सगळ्यांनी नुसतं पडून राहायचं. शेजारी लॅब्रॅडॉर आहे, असू दे. कुणी बॉल टाकतंय, टाकू दे. शहरात राहायचं तर ही विद्या सगळ्यांत कामाची, आणि तीही संगतच आहे. काम नीट झालं की शेवटी थोडा वेळ जोड्या सोडायच्या. वयाने, अंगाने आणि स्वभावाने जुळणाऱ्या. आठ कुत्री एकदम सोडून मालकांनी कॉफी पीत बसणं याला खेळ म्हणत नाहीत, त्यात घाबरट पिल्लू एवढंच शिकतं की आपला माणूस मदतीला येत नाही.

पण त्या थोड्या वेळाची खरी गरज कुत्र्यांपेक्षा मालकांना आहे, असं माझं मत होत चाललंय.

मागच्या उन्हाळ्यात आई मिरजेहून आली होती. कुत्र्याला घरात घेणं तिला पसंत नाही, पण वर्गाला यायची आणि बाकावर छत्री धरून बसायची. एका शनिवारी बंड्याची जोडी एका बॉक्सरशी लावली. बॉक्सरने पुढचे पाय जमिनीला टेकून मागचं धड वर केलं, म्हणजे 'हे खोटं खोटं बरं का' असं रीतसर निमंत्रण दिलं. पळापळ सुरू झाली. दोन-तीन फेऱ्यांत एक वर, एक खाली, मग उलट. हळूहळू उलट होणं थांबलं. बंड्याच खाली. त्याने ओठ चाटले, मान वळवली, माझ्या पायांमागे आला. बॉक्सरचा मालक कौतुकाने फोनवर व्हिडिओ काढत होता. मी हसत होते. मागून आईचा आवाज आला, "अगं, सोडव त्याला, आपला दमलाय. त्या मोठ्याला धर आधी."

त्याच क्षणी शिक्षिकाही पुढे झाली. तिने बॉक्सरचा पट्टा धरला आणि बंड्याला मोकळं ठेवलं. ही इथली साधी परीक्षा: जो चढ आहे त्याला धरायचं आणि दुसरा काय करतो ते बघायचं. परत त्याच्याकडे धावला तर त्याला खेळ हवाय, सुरू ठेवा. लांब गेला, अंग झाडलं, गवत हुंगत बसला, तर त्याचं उत्तर मिळालं. बंड्याने अंग झाडलं आणि थेट आईच्या बाकाखाली जाऊन बसला.

आईने कुठलाही वर्ग केलेला नाही. तिने पन्नास वर्षं गल्ली बघितली आहे. दारात रांगोळी घालताना, भाजीवाल्याशी बोलताना, तिच्या डोळ्यांसमोर कुत्र्यांच्या पिढ्या वाढल्या: कुणाची हद्द कुठवर, कुठली शेपटी खुशीत हलतेय आणि कुठली ताठ, कुणाला वाट द्यायची. गल्लीतल्या पिल्लाला आई, भावंडं, शेजारची टोळी असा अख्खा गोतावळा रीत शिकवतो. त्या मोकळेपणाची किंमत आपण रेबीज आणि चावे यांत मोजतो, तेव्हा त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण आपसांत मोकळी वावरणारी कुत्री रोज बघितल्याने एक नजर तयार होते, हे खरं. झुरिकच्या माणसाला ती संधीच नाही. त्याचं कुत्रं दोरीवर, शेजाऱ्याचंही दोरीवर. एप्रिल ते जुलै तर जंगलातही दोरी, कारण तेव्हा हरणांना पाडसं झालेली असतात. जे बघितलंच नाही ते वाचता कसं येणार? मग पळणारं प्रत्येक कुत्रं त्याला आनंदी वाटतं आणि गुरगुरणारं प्रत्येक कुत्रं खुनशी.

म्हणून वर्गात खेळ हवा, जाणत्या नजरेखाली, आणि मालकांनी फोन खिशात ठेवून बघावा असा. हुंदडायला आल्मेंडचं माळरान आहे, झील नदीचा काठ आहे, तिथे फी लागत नाही. मात्र 'आता तुझ्या कुत्र्याला पुरे झालंय, हे बघ कशावरून' असं सांगणारं माणूस तिथे नसतं. ते फक्त वर्गात मिळतं, आणि ६ धड्यांत तेवढं जरी डोळ्यांत उतरलं तरी पैसे वसूल.

नव्याने कुत्रं घेणारे मराठी मित्र हल्ली मला फोन करून शाळेचं नाव विचारतात. मी त्यांना नावाऐवजी तीन प्रश्न देते. खेळायला कुणाला कुणाबरोबर सोडता? कामाआधी की कामानंतर? आणि खेळ थांबवायचा हे कशावरून ठरवता? तिसऱ्या प्रश्नावर जो शिक्षक फी सांगायचं विसरून तावातावाने बोलायला लागेल, त्याच्याकडे नाव घाला.