तहान आणि मात्रा

अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये ‘जीवन’ हे एक नाव आले आहे. अध्यापनाच्या काळात ते आम्ही किती मुलांकडून पाठ करवून घेतले, याची गणती नाही. तथापि तो शब्द मुखातून निघताना दर वेळी आमच्या मनाला एक बोच लागे. कारण भरलेल्या माठापासून चार हातांवर आमची धाकटी बहीण तहानेने गेली.

ते साल १९६६. ज्येष्ठाचे दिवस होते. तीन वर्षांच्या त्या पोरीस पहाटेपासून जुलाब व वांत्या होत होत्या. वरून पाणी घातले की जुलाब वाढतात, अशी त्या वेळी घरोघर समजूत होती. आजीने आईच्या हातातील फुलपात्र काढून घेतले आणि आम्हांस माठापाशी बसवून बजावले, ‘मागितले तरी देऊ नकोस हो.’ आम्ही आठ वर्षांचे होतो. सांगितले तसे केले. तिन्हीसांजेपर्यंत ती मागत होती. मग मागेनाशी झाली.

आजी निर्दय नव्हती. तिला ठाऊक नव्हते, इतकेच. जुलाबात आतड्यातून पाणी व क्षार वाहून जातात हे खरे. परंतु शोषणाची एक वाट तेव्हाही मोकळी असते. ग्लुकोज व मिठातील सोडियम जोडीने आले म्हणजे दोन्ही त्या वाटेने आत शिरतात, आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. ही उपपत्ती अमेरिकेतील रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९६८ साली डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी ढाक्यास पटकीच्या रोग्यांवर असे द्रावण पाजून त्याचा गुण सिद्ध केला.

त्याची खरी कसोटी १९७१ साली लागली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. सीमेवरील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधविल्या आणि पाण्यात कालवलेले ते द्रावण आयाबहिणींच्या हातून पाजविले. पूर्वी शेकडा ३० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेकडा ३.६ वर आले. आमच्या घरातील दुःखास तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती.

मात्र पाणी हेच जीवन, तेव्हा ते जितके अधिक तितके बरे, असेही कोणी समजू नये. २००२ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये धावलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले, तो शेकडा १३ जणांत सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. वाटेत अतोनात पेये घेऊन ज्यांचे वजन उलट वाढले होते, त्यांच्यात हा दोष विशेष होता. सोडियम फारच उतरले तर मेंदूस सूज येऊन प्राणावर बेतते. म्हणजे न पिणे घातक, तसे भलतेच पिणेही घातक. निरोग्याने तहानेचे ऐकावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्याने डॉक्टरांचे.

प्रत्येक घरात क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या असाव्यात. पुडीवर लिहिले असेल तितकेच पाणी मोजून घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा घ्यावा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलीचा तीन वर्षांचा मुलगा असाच आजारी पडला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही रात्रभर वाटी-चमचा घेऊन उशाशी बसलो. वांती झाली की थोडे थांबत होतो आणि पुन्हा चमचा-चमचा पाजत होतो. पहाटे त्यास लघवी झाली, तेव्हा आमच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. थोड्या वेळाने तो डोळे उघडून म्हणाला, ‘आजोबा, अजून पाणी.’

आम्ही दिले.