भरतीची पंगत

मराठी शिकवणाऱ्या माणसाने समुद्राविषयी लिहायला घेतले, की सुज्ञ वाचकाने पान उलटावे असे माझे प्रामाणिक मत आहे. गेली वीस वर्षे मी वर्गात सागराची अथांगता, सागराचे गांभीर्य आणि सागराचे औदार्य यांवर बोलत आलो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत मला परत करतात. परंतु त्या अथांग सागरातले जीव काय खातात आणि कसे खातात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला गेल्या माघी पौर्णिमेला, मालवणजवळच्या आजोळी. आणि पाडला तो चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या मामीने.

खरे सांगायचे तर मी समुद्र पाहायला गेलोच नव्हतो. आजोळच्या घरात आईचा वाटा होता. आई गेल्यावर तो माझ्याकडे आला. मामा जाऊन चार वर्षे झाली. त्यांना मूलबाळ नाही. मामी एवढ्या मोठ्या घरात एकटी राहते. किनाऱ्याला लागून असलेल्या त्या जागेला आता चांगले गिऱ्हाईक आले होते. घर विकावे, मामीला पुण्याला आणावे, तिची म्हातारपणाची सोय होईल, असे मी सर्वांना सांगत होतो. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटचे हप्ते अजून अकरा वर्षे फेडायचे आहेत, हे मात्र कोणाला सांगत नव्हतो. संमतीचे कागद पिशवीत होते. त्याच पिशवीत आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी दिलेले किनाऱ्यावरच्या प्राण्यांचे एक पुस्तक होते. "मालवणला जाताय ना? मग देवळे पुरे झाली, जरा खडक बघून या," असे त्यांनी बजावले होते.

पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणातून सिंधुदुर्ग दिसतो. 1664 साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! लहानपणी मामा मला खांद्यावर बसवून त्या दाखवायला नेत. मी जुन्या आठवणींत रमण्याच्या बेतात होतो, तोच मामी कमरेला पदर खोचून, टोपली आणि लोखंडी टोच्या घेऊन बाहेर आली.

"उधाणाची सुकती आसा. कालवां काढूक येतंस काय रे झिला?"

पासष्टी उलटलेली बाई अनवाणी पुढे, आणि तिचा प्राध्यापक भाचा बूट काढावेत की ठेवावेत या विचारात मागे, अशी आमची वरात निघाली.

पाणी दूरवर ओसरले होते. काळे खडक उघडे पडले होते आणि त्यांच्या खळग्यांत नितळ पाण्याची डबकी साचली होती. पहिल्याच पावलाला माझ्या तळव्यात काहीतरी खुपले. खडकावर पांढऱ्या, टोकदार शंकूंचा थर होता. पुस्तकात पाहिले तर तो बार्नेकल निघाला. हा खेकड्याच्या गोतावळ्यातला प्राणी. बालपणी पाण्यात पोहतो, मग एकदा डोके खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याचे घर बांधतो आणि जन्मभर शीर्षासनात राहतो. अन्न गोळा करायचे ते पायांनी! या चिमुकल्या प्राण्याच्या अभ्यासात डार्विनसारख्या माणसाने 1846 पासून आठ वर्षे घालवली होती. मला आमच्या काही पीएच. डी. करणाऱ्या सहकाऱ्यांची आठवण झाली.

एका डबक्यापाशी मी ओणवा झालो, तो उठेचना. एका बाजूला फुलासारखे काही उमलले होते. मामीने फोडलेल्या कालवाचा एक तुकडा त्यावर टाकला. पाकळ्या हलल्या, तुकड्याला चिकटल्या आणि फूल मिटले. ते फूल नव्हतेच. पाकळ्या म्हणजे विषारी सुयांनी भरलेल्या सोंडा, आणि मधोमध तोंड. वर्गात 'फुलाचे कोमल हृदय' समजावून सांगणाऱ्या मला हा धक्काच होता.

जवळच उलट्या वाटीसारखा एक शिंपला खडकाला घट्ट बसला होता. हा प्राणी भरतीच्या वेळी हिंडतो आणि खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याची जीभ म्हणजे बारीक दातांची कानसच. त्या दातांत लोहाचे खनिज असते, आणि 2015 साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी ते मोजून पाहिले, तेव्हा निसर्गातल्या तोवर ठाऊक असलेल्या पदार्थांत ते सर्वांत मजबूत ठरले, कोळ्याच्या धाग्याहूनही. काळ्या काटेरी गोळ्याच्या पोटाखाली पाच दातांचा सांगाडा असतो. अ‍ॅरिस्टॉटलने त्याला कंदिलाची उपमा दिली, म्हणून आजही शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. उपमा दोन हजार वर्षे टिकली, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटला.

मामीने एक रिकामा शिंपला माझ्या हातात दिला. त्याला सुताराने गिरमिटाने पाडावे तसे गोल, नेटके भोक होते. "ह्या चोराचा काम," असे म्हणून तिने एक खरखरीत शंख दाखवला. हा शंख शिंपल्यावर बसतो, आम्ल सोडून कवच मऊ करतो, जिभेने कोरतो आणि आतला जीव खाऊन टाकतो. तारामाशाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पायांना शेकडो चूषके असतात. तो शिंपल्याची दोन्ही दारे ओढून किंचित फट पाडतो आणि आपले पोटच त्या फटीतून आत सोडतो. जेवण पोटात घालण्याऐवजी पोट जेवणात! रंगीत नक्षीचा एक निमुळता शंख मी उचलू लागलो, तर मामी ओरडली. तो विषारी भाल्याने मासे, किडे टिपणारा शंख होता. त्याच्या भाऊबंदांपैकी एकाच्या विषावरून तयार झालेले वेदनाशामक औषध 2004 पासून अमेरिकेत वापरात आहे.

आणि यांच्याच शेजारी निरुपद्रवी मंडळीही होती. स्पंजाला तोंडच नाही. अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत घ्यायचे, त्यातले कण गाळायचे आणि पाणी सोडून द्यायचे. समुद्रकाकडी वाळू गिळते, तिच्यातले सेंद्रिय अन्न पचवते आणि धुतल्यासारखी वाळू मागे टाकते. कालवही गाळूनच खाते. त्याचे कल्ले म्हणजे चाळण. दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी त्यातून जाते. बाजारात आपण घेतो त्या तारलीच्या घशातही अशीच गाळणी असते, म्हणून ती तोंड उघडे ठेवून पोहता पोहता जेवते. सुरमईला धारदार दात, वागळीला शिंपले भरडायची जाती. ज्याला जे तोंड मिळाले, त्यावर त्याचा संसार.

मामी कालवे काढत होती, पण सगळी नव्हे. मोठी तेवढी घ्यायची, बारीक ठेवायची, आणि जुन्या शिंपल्यांचे बूड खडकावरच राहू द्यायचे.

"हीसुद्धा घे ना," मी म्हणालो.

"ती रवांदेत. आज सगळी खाल्लंस तर फुडच्या वर्सा काय दगड चाटतलंस?"

पुस्तकाने मामीला दुजोरा दिला. कालवाचे पिल्लू दोनतीन आठवडे पाण्यात तरंगत जागा शोधते. त्याला आवडते ती जुन्या शिंपल्याची पाठ. तिथे ते एकदा चिकटले, की पुन्हा हलत नाही. मी मामीला विचारले, "तू या घरात आलीस तेव्हा किती वर्षांची होतीस?" ती म्हणाली, "अठरा. आचऱ्याहून होडयेतून इलंय." आणि पुन्हा टोच्या चालू लागला.

मग पाणी परतू लागले. मी खडकावर पालथा पडून पाहत होतो. पहिली लाट आली आणि ज्यांना मी दगड समजत होतो, त्या बार्नेकलांची झाकणे उघडली. प्रत्येकातून पिसासारखे पाय बाहेर आले, पाणी चाळू लागले. हजारो, लाखो. कालवांनी शिंपा किंचित उघडल्या. सहा तास उपाशी बसलेल्या त्या साऱ्या किनाऱ्याला समुद्र वाढायला आला होता. कोणी उठून ताट आणायला गेले नाही. ज्याचे पान जिथे मांडले, तिथेच तो जेवत होता.

"ऊठ रे, भिजशीत!" मामीची हाक आली, तोवर मी भिजलोच होतो.

रात्री कालवांचे सुके आणि सोलकढी होती. चार घास झाल्यावर मी विषय काढला.

"मामी, पुण्याला चल. तिथे मी आहे, सूनबाई आहे, डॉक्टर जवळ आहे."

तिने माझ्या पानात आणखी वाढले. मग शांतपणे विचारले, "थय भरती कितीक वाजता येता?"

मला उत्तर सुचले नाही. तीच पुढे म्हणाली, "कागद हाडलंस मां? दी हय. मी सही करतंय. तुजी आवस हयच वाढली, तुजो वाटो आसा. माका म्हातारेक काय, खयव घास गावतलो."

तिने हात धुतले, चष्मा लावला आणि दिव्याखाली येऊन बसली. मी पिशवीत हात घातला. कागद होते. हाताला लागतही होते. मी पुस्तक बाहेर काढले आणि म्हणालो, "कागदात एक चूक राहिली आहे, मामी. दुरुस्त करून पुढच्या खेपेला आणतो."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. चूक कुठे होती, हे तिला कळले असावे. काही न बोलता तिने चष्मा काढून ठेवला आणि उरलेली कालवे उद्याच्या डब्यासाठी झाकून ठेवली.

फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत. गिऱ्हाइकाचे दोनदा फोन येऊन गेले. गणपतीत पुन्हा गेलो, तेव्हा समुद्र खवळलेला होता आणि खडक पाण्याखाली होते. मामीने मागितले नाहीत, मीही कागद काढले नाहीत. ते अजून त्याच पिशवीत आहेत. त्यांना अद्याप खाऱ्या पाण्याचा वास येतो.