रेस घेते, पण पळत नाही

बडोद्यात दहा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक पेट्रोल सेडान गॅरेजच्या दारात उभी राहिली की तक्रार बहुतेक वेळा दोनच शब्दांची असते: ‘पिकअप नाही.’ पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरच निकाल लागतो. ऑटोमॅटिक आहे, जुनी आहे, म्हणजे गिअरबॉक्स गेला. मालक खर्चाचा आकडा ऐकतो आणि गाडी मिळेल त्या किमतीला काढायला निघतो. हे काम करणारा माणूस म्हणून मला हा निकाल घाईचा वाटतो, बऱ्याचदा अन्यायाचाही. ‘पिकअप नाही’ म्हणणं हे ‘अंगात कणकण आहे’ म्हणण्यासारखं आहे. त्यावरून रोग कळत नाही. आपल्या बोलण्यात त्याहून नेमकी दोन वाक्यं तयार आहेत. एक, ‘रेस घेते, पण पळत नाही.’ दुसरं, ‘रेसच घेत नाही.’ पहिल्यात इंजिनाचा जोर तयार होतो, पण चाकांपर्यंत पोचत नाही. दुसऱ्यात तो तयारच होत नाही. गिअरबॉक्स आणि इंजिन यांची वाटणी या दोन वाक्यांनी पान्याला हात लावण्याआधीच करून टाकलेली असते. महाराजा सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं, तेव्हा कारागिरीचं शिक्षण लोकांच्या भाषेत मिळावं असा आग्रह होता. त्याच गावात गिऱ्हाइकाचं वाक्य पुरतं न ऐकता गिअरबॉक्स खाली उतरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही वाटणी इतकी भरवशाची का, हे समजायला टॉर्क कन्व्हर्टर डोळ्यांसमोर आणावा लागतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे आणि मध्ये तेल, असं त्याचं साधं रूप. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल उसळून दुसऱ्यावर आदळतं आणि तो गिअरबॉक्सला फिरवतो. दोघांच्या मध्ये तिसरं एक लहान चक्र असतं, स्टेटर. परतणाऱ्या तेलाला ते वळण देतं आणि त्यामुळे जागेवरून निघताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुपटीने चाकांकडे जातो. स्टेटर एकाच दिशेला फिरणाऱ्या बेअरिंगवर बसलेला असतो. ते बेअरिंग उलट दिशेलाही घसरायला लागलं की ही दुप्पट नाहीशी होते. गाडी सिग्नलवरून रडतखडत निघते, पण एकदा वेग आला की अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर ठीक धावते. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोंदला असेल तर नेमकं उलट होतं: सिग्नलवरून बरी निघते आणि वेग वाढला की गळा आवळल्यासारखी थबकते. गाडी कुठे मंद आहे, सुरुवातीला, वरच्या वेगाला की सगळीकडे, एवढं नीट विचारलं तरी अर्धं काम होतं. उरलेलं स्टॉल टेस्टमध्ये कळतं. चाकांना अडण्या लावायच्या, हँडब्रेक ओढायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा, डीमध्ये घालून रेस द्यायची आणि काटा कुठे थांबतो ते पाहायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो २,००० ते २,५०० आरपीएमच्या आसपास थांबतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा. काटा त्याच्या वर पळाला तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा घसरताहेत किंवा तेल कमी आहे. खालीच अडकला तर इंजिन कमजोर आहे किंवा स्टेटर. पाच सेकंदांच्या वर ही परीक्षा चालवू नये, कारण तेवढा वेळ इंजिनाची सगळी ताकद त्या तेलात उष्णता होऊन साठत असते. सीव्हीटी गाडीत मात्र पहिलं वाक्य फसवू शकतं. तिथे रेस आधी चढणं आणि वेग मागून येणं ही त्या यंत्राची रीतच आहे, म्हणून मालकाने तिची पूर्वीची चाल आठवून सांगावी लागते.

आता ‘रेसच घेत नाही’ याकडे. माझ्या मते खरी गर्दी इथेच आहे, आणि बडोदं हे दुखणं झाकून ठेवणारं गाव आहे. सपाट जमीन, चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळे इंजिनाचा दम हळूहळू कमी होत जातो तो कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मे महिन्यात चार माणसं, एसी चालू आणि गेंडा सर्कलचा पूल चढायचा, तेव्हा एकदम ‘काल-परवापासून’ अशी तक्रार येते. त्यात थोडा वाटा उन्हाचाही आहे. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणजे तितकी कमी हवा प्रत्येक श्वासाला इंजिनात जाते. वर एसीचा कॉम्प्रेसर त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर जगतो. नव्या इंजिनाला हे पेलतं. धुळीने भरलेला एअर फिल्टर, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी आणि थकलेला फ्युएल पंप असलेल्या इंजिनाला पेलत नाही. प्लगचं तर एक उदाहरण पुरे. २००३ साली आलेल्या होंडा सिटीच्या दीड लिटरच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आहेत, चार पुढे आणि चार मागे. पुढचे सहज हाताला लागतात. मागच्यांसाठी हात वाकवावा लागतो. पुढचे चार बदलून ‘प्लग नवे टाकले’ असं सांगितलं तर इंजिनाची अर्धी ठिणगी जुनीच राहते. मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. मग प्लग बदलूनही गाडी उचलत नाही, आणि नाव पुन्हा गिअरबॉक्सचं येतं.

यावर पहिला आक्षेप असा की एवढं विचारत बसण्यापेक्षा स्कॅनर लावावा. जरूर लावावा. पण भारतात गाडीनेच आपला बिघाड ओळखून सांगण्याची सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या फारसं बोलत नाहीत. शिवाय कोड सांगतो की अमुक सेन्सरचं माप पटत नाही. माप का पटत नाही हे तो सांगत नाही, आणि चोंदलेल्या कॅटला सुरुवातीला कोडच नसतो. तिथे व्हॅक्यूम गेज लागतो. तब्येत चांगली असलेलं इंजिन संथ चालताना त्याचा काटा १८ ते २० इंचांवर राहतो. अडीच हजार आरपीएमवर रेस धरून ठेवली आणि काटा हळूहळू खाली उतरत गेला, तर वाट मागे बुजली आहे. दुसरा आक्षेप आजचा: सगळा दोष इथेनॉलचा. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के घट येते, हे खरं. ती आधी अ‍ॅव्हरेजमध्ये दिसते. पिकअप टिकवायला इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो, ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. मात्र सेन्सर म्हातारा आणि पंप दमलेला असेल तर जास्तीचं पेट्रोल येणार कुठून? जुन्या रबरी नळ्यांची काळजी योग्यच आहे, पण पंपाचं प्रेशर न मोजता पंपवाल्याला दोष देणं मला पटत नाही. तिसरा आक्षेप तेलाचा. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं, बदललं तर उलट गाडी बसते, असं ठामपणे सांगितलं जातं. तेल गरम होतं, म्हणजे म्हातारंही होतं. बदलल्यावर बसलेल्या गाड्या बहुधा त्याच असतात, ज्यांचं तेल प्लेटा घसरायला लागल्यावर, शेवटचा उपाय म्हणून बदललं गेलं.

गिअरबॉक्स कधीच दोषी नसतो, असं मी म्हणत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि किती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. पाणी तिथवर चढलं की आत उतरतं. आतल्या प्लेटांवरचं अस्तर कागदासारखं आणि गोंदाने चिकटवलेलं. पाणी त्यात मुरतं, गोंद सुटू लागतो, आणि गाडी महिनोन्‌महिने बरी चालून मग एके दिवशी रेस घेते पण पळत नाही. म्हणून पुरात उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल हे वाक्य कानावर पडलं तर आधी गिअरबॉक्सचं तेल मोजायची स्टिक ओढावी, स्टिक नसेल तर तळाचा बोल्ट किंचित सैल करावा, आणि पांढऱ्या फडक्यावर एक थेंब घ्यावा. थेंब स्वच्छ लाल असेल तर शोध पुढे चालू ठेवावा. काळपट आणि जळक्या वासाचा असेल तर प्लेटा भाजल्या आहेत. दुधात गुलाबाचं सरबत ढवळल्यासारखा दिसला, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये आणि दोरी बांधून ओढतही नेऊ नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि चाकं मात्र आतले भाग कोरडे घासत राहतात. गाडी चारही चाकं उचलून ट्रकवर चढवावी.