पाच घरांचा खटका

वस्तू वापरण्यापेक्षा ती निवडण्यातच अधिक सुख असते, असे म्हणणारा माणूस नातीला बरोबर घेऊन गिटारच्या दुकानात कधी गेला नसावा. मी गेलो. धोबीतलावाच्या बाजूला वाद्यांची दुकाने आहेत. त्यांतल्या एका दुकानात दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता आम्ही शिरलो, ते बाहेर पडलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. एवढ्या वेळात माझ्या लग्नाचा सगळा बस्ता बांधून झाला होता. आणि तेव्हा तर शालू पसंत करायला घरातल्या सात बायका होत्या!

गिटार हवी होती नातीला. वय वर्षे सोळा. दोन वर्षे साधी लाकडी गिटार वाजवून तिची बोटे आता विजेच्या गिटारकडे धावू लागली होती. माझी नेमणूक झाली ती 'जाणकार' म्हणून. कारण 1974 ते 1979 अशी पाच वर्षे मी गिरगावातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत असे. मित्राच्या मामांनी बोटीवरून आणलेली जपानी गिटार होती ती. गणपतीत मंडपामंडपांतून आम्ही वाजवायचो. मंडपातल्या ट्यूबलाइटा लागल्या की माझ्या गिटारमधून मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखी गुणगुण सुरू व्हायची. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलू लागला की पुढच्या रांगेतला कोणीतरी हमखास ओरडायचा, "अरे, त्या माश्या हाकला आधी!"

त्या माश्या कुठून येतात, हे मला पुष्कळ उशिरा समजले. विजेच्या गिटारच्या पोटात, तारांच्या खाली, पिकअप नावाची पट्टी असते. पट्टी कसली, लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की खालच्या वेढ्यांत किंचित वीज उमटते. पण ते वेढे बिचारे भोळे. तारेची थरथर जशी ते टिपतात, तशीच भिंतीतल्या विजेचीही टिपतात. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते. तीच गिटारमधून गुणगुणत बाहेर पडते.

यावर तोड काढली ती अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर या गृहस्थांनी. 1955 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. एकाऐवजी दोन कॉइली शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलटे आणि तिचे चुंबकही उलटे. बाहेरची गुणगुण दोघींत उलटसुलट येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटच राहतो. या जोडकॉइलीला म्हणतात हंबकर. आवाज भरदार, गोल, थोडा काळोखी. कारण माश्यांबरोबर स्वराच्या टोकावरची थोडी झळाळीही जाते. एकेरी कॉइलीचा आवाज काचेच्या बांगड्यांसारखा. हंबकरचा पितळी घंगाळासारखा.

म्हणजे निवड सरळ आहे, असे तुम्हांला वाटेल. झळाळी हवी तर गुणगुण सोसा, शांतता हवी तर झळाळी सोडा. पण माणसाला एकाच जागी दोन्ही हवे असते. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 1954 साली स्ट्रॅटोकास्टर काढली, ती तीन एकेरी कॉइलींची. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी तीन कॉइलींसाठी तीन घरांचा खटका दिला. वाजवणाऱ्यांनी काय केले, तर तो दोन घरांच्या मधोमध अडकवून ठेवायला सुरुवात केली. मधला आवाज त्यांना अधिक गोड लागे! शेवटी 1977 मध्ये कंपनीनेच पाच घरांचा खटका बसवला. त्याच सुमारास एडी व्हॅन हेलन नावाच्या तरुणाने स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या गिटारमध्ये गिब्सनचा हंबकर स्वतःच्या हाताने बसवला आणि 1978 मधल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तिचा आवाज जगाला ऐकवला. पुढे कारखान्यांनीही तो धडा गिरवला. ब्रिजपाशी, म्हणजे आपण तंबोऱ्यात जिला घोडी म्हणतो तिच्यापाशी, एक हंबकर आणि पुढे मानेकडे दोन एकेरी कॉइली, अशी मिश्र संसाराची गिटार आज सर्रास मिळते.

दुकानातल्या तरुणाने नेमकी तीच पुढे केली. "काका, हिच्यात सगळं वाजतं. जॅझ, रॉक, हिंदी, काय पाहिजे ते."

सगळे वाजते म्हटले की माझ्यातला जुना कारकून जागा होतो. सगळे वाजवणाऱ्या वस्तूत काहीतरी उसनवारी असतेच. इथेही आहे. एकेरी कॉइलीला व्हॉल्यूमचे बटण अडीच लाख ओहमचे मानवते, हंबकरला पाच लाखांचे. एकाच बटणावर दोघींचा संसार म्हटला की एकीला पदर आवरून घ्यावा लागतो. बहुधा पाच लाखांचे बटण बसवतात आणि एकेरी कॉइल किंचित कर्कश होते. शिवाय हंबकरवरून एकेरीवर आले की आवाज एकदम खाली बसू नये, हेही पाहावे लागते.

म्हणून मी माझा जाणकारपणा पणाला लावला. सांगितले, ॲम्प्लिफायर साधा ठेवा, घुमारे-बिमारे सगळे बंद. नातीला म्हटले, एकच चार सुरांचा तुकडा पाचही घरांत वाजव. तार ओढून सोड आणि ती सुरात परत येते का पाहा. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरव, टोचते का बघ. पट्टा लावून पंधरा मिनिटे उभी राहा. वजन तिसऱ्या मिनिटाला कळत नाही, पंधराव्याला कळते. दुकानातला तरुण माझ्याकडे आदराने पाहू लागला. मलाही बरे वाटले. मधली पंचेचाळीस वर्षे जणू वजा झाली.

मग त्याने आणखी एक गंमत दाखवली. टोनचे बटण वर ओढले की हंबकरमधली एक कॉइल झोपी जाते आणि दुसरी एकटी बोलते. त्याने बटण वर ओढले, नातीने तोच तुकडा वाजवला. बटण खाली, पुन्हा तुकडा.

"फरक कळला ना, काका?"

"फारसा नाही," मी तज्ज्ञाच्या तोऱ्यात म्हणालो. "आवाज थोडा बारीक झाला, एवढंच. उगाच पैसे कशाला घालायचे?"

तो गप्प झाला. नातीने माझ्याकडे पाहिले. "आजोबा, केवढा फरक आहे!" ती हळूच म्हणाली.

माझ्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. कानाच्या डॉक्टरांनी काढून दिलेला आलेख. त्यावरची रेषा डावीकडे बरी चालते. दोन हजारांपुढे घाट उतरू लागते आणि चार हजारांपाशी दरीत जाते. म्हातारपण कानातले वरचे सूर आधी नेते. आणि गिटारची झळाळी नेमकी तिथेच, दोन ते पाच हजारांच्या दरम्यान राहते. हा कागद मी घरात कोणालाच दाखवला नव्हता. आता दुकानात उभ्या उभ्या त्याचा अर्थ मला कळला. एकेरी कॉइलीचे सौंदर्य मला ऐकू येत नव्हते. तिची गुणगुण मात्र चांगली ऐकू येत होती, कारण ती खालच्या सुरांत असते! ज्या माश्यांवरून लोक मला हसले त्या माश्या तेवढ्या देवाने कानात शिल्लक ठेवल्या होत्या.

मी स्टुलावर बसलो. "तूच निवड," म्हटले, "मी पैसे देतो."

ती दुपारभर निवडत राहिली. तीन एकेरी कॉइलींची एक पांढरी गिटार तिच्या हातात अशी काही बोलली, की दुकानातला तरुण हातातले काम टाकून तिच्याकडे बघत राहिला. मला वाटले, हीच. पण शेवटी ती त्या मिश्र गिटारपाशी परत आली. 'सगळं वाजतं' या मोहाला पोरगी भुलली, असे मी मनाशी म्हणालो आणि पैसे मोजले.

टॅक्सीत न राहवून विचारले, "पांढरी तुला जास्त आवडली होती ना?"

"हो."

"मग?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "आजोबा, तिच्यात तुम्हांला ऐकू येईल असं घरच नव्हतं."

यावर काय बोलायचे असते ते मला कोणी शिकवलेले नाही. मी टॅक्सीवाल्याला उगाचच डावीकडे घ्यायला सांगितले.

आता रोज संध्याकाळी ती आतल्या खोलीत वाजवीत बसते. मानेकडची एकेरी कॉइल तिची लाडकी. मी दाराशी आलो की ती मान वर करीत नाही, गाणेही थांबवीत नाही. खटका सरकल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत नाही. पण तिचे बोट सरकलेले मात्र स्पष्ट दिसते.